दावं विकणाऱ्याचं

शाळेच्या दाखल्यावर माझं नाव सुनील असलं, तरी घरात मला ‘गिऱ्हाईक’ म्हणत. बाजारातून येऊन मी दारात पाय ठेवला की चुलीपुढून मायचा आवाज यायचा, “उनं का मन्हं गिऱ्हाईक? आज काय आनं?” आणि मी पिशवीतून जे काही बाहेर काढीन त्याकडे सगळं घर असं बघायचं, जणू ते आता फणा काढणार. हे नाव मला कुणी फुकट दिलेलं नव्हतं, मी ते कष्टाने कमावलं होतं. नंदुरबारच्या स्टँडवर एका अतिशय सभ्य गृहस्थाकडून मी अस्सल मध घेतला, तो अस्सल गूळ निघाला. तळोद्याच्या बाजारात एक घड्याळ घेतलं. ते पाण्यातसुद्धा चालतं, हे विकणाऱ्याने बादलीत बुडवून दाखवलं होतं. तो खोटं बोलला नव्हता, ते पाण्यात खरोखर चालायचं. फक्त कोरड्यात चालत नसे. एक टेपरेकॉर्डर आणला, तो उलटा ठेवल्याशिवाय वाजायचा नाही, म्हणून कितीतरी दिवस आमच्या फळीवर तो वटवाघळासारखा पाय वर करून असे. दादा नंदुरबारला नोकरीला होता. तो रविवारी घरी आला की सगळ्यात आधी विचारायचा, “या आठवड्यात कुणाचं भलं केलं रे?”

पण माझ्या सगळ्या खरेद्यांचा राजा म्हणजे पाच स्पीकर. एक व्हिडिओ हॉल बंद पडला, तेव्हा त्याचे स्पीकर मी असे झटपट उचलले, जणू दुसरा कुणीतरी नेईल. दुसरा कुणीच नेणार नव्हता, कारण त्यांना वाजवणारं मशीन आधीच विकलं गेलं होतं. म्हणजे धड आणलं आणि शिर राहिलं. पाच काळ्या पेट्या ओसरीत मुक्याने उभ्या राहिल्या. ज्वारीच्या बिबड्या वाळवायच्या दिवसांत मायने त्यातल्या दोन परात ठेवायला घेतल्या. एकावर आबा पाय ठेवून पायताणाचा पट्टा आवळत. एकाची जाळी फाटली होती, त्यात मांजर व्याली. माय शेजारणींना सांगायची, “मन्हा पोऱ्यानी मांजरले बाळंतपनाले घर लिधं.”

या पाचांना जिवंत करायला लागणारं डोकं म्हणजे रिसीव्हर. आवाज आत घ्यायचा आणि पाच तोंडांनी, जिकडचा तिकडे, वाटून द्यायचा हे त्याचं काम. नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि जुना घ्यायची माझी पत नव्हती. अशात मामाचा पोरगा, जो अंड्यांची गाडी चालवायचा, बातमी घेऊन आला की नवापूरला एकाकडे रिसीव्हर आहे, सुरतेहून आणलेला, जपून वापरलेला, लवकर विकायचा आहे, आणि मागतोय तेही अगदी थोडकं. मी उडालोच. आबा मात्र बाजेवर बसून तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा थांबला.

“लवकर कसाले?”

“आबा, लोकांना नड असते.”

“नड व्हई ते मानूस जास्त मांगस. कमी मांगस आनि घाई बी करस, म्हंजे ती चीज घरमा कोनाले तरी नको शे.” त्यांनी तंबाखू दाढेखाली सरकवली. “कोनाले नको शे, ते देखनं पडी.”

माझे वडील बैलाचे पारखी होते. दात, खूर, वशिंड हे सगळे बघतात, आबासुद्धा बघत. पण आधी ते बाजारात बैलापासून दहा हात लांब बसून राहत आणि बैलाकडे न बघता मालकाकडे बघत. “जनावर खोटं बोलत नही,” असं म्हणत. “दावं धरेल हात देखो.” सारंगखेड्याच्या यात्रेत आबा कुणाच्या गोठ्यासाठी बैल बघायला निघाले की विकणाऱ्यांची तोंडं पडत. त्या साली आमच्या जोडीतला ढवळ्या थकला होता आणि आबांचे गुडघेही. यात्रेला यंदा कोण जाणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. दादाला बैलाचं पुढचं-मागचं कळत असे, एवढंच. मला तर ढवळ्याचं औत धरायला द्यायचे, दावं कधी खांद्यावर देत नसत. दावं खांद्यावर टाकून बाजारात उतरणं म्हणजे आमच्याकडे घरचा माणूस म्हणून उभं राहणं. विकणारा स्वतःचं दावं कधीच देत नाही, त्याच्या गोठ्याची लक्ष्मी त्यात बांधलेली असते. घेणाऱ्याने आपलं नवं दावं घेऊन जायचं आणि जनावर त्यात आणायचं.

त्या संध्याकाळी आबा म्हणाले, “चाल, मी येस तुन्हासंगे. बोलशी तू, घेशी तू. मी फक्त बठसू. ही पेटी धड आनशी, ते सारंगखेडाले दावं तुन्हा खांदावर.”

माय चुलीपुढून म्हणाली, “आनि नही आनी ते?”

“ते मग दावं त्यान्हाच गळामा बांधू,” आबा म्हणाले, आणि दोघंही हसली. मी हसलो नाही. त्या रात्री मला झोप लागेना. बैलाचं दावं डोळ्यांपुढे येत होतं आणि त्याच्या टोकाला पाच स्पीकर.

सकाळी मायने कळण्याची भाकर, ठेचा आणि तळलेल्या मिरच्या फडक्यात बांधून दिल्या. मी शर्टाच्या खिशात दादाच्या लग्नाची सीडी घेतली. हा माझा डाव होता. अनोळखी गाणं लावलं तर चांगलं वाजलं की वाईट हे कसं कळणार? दादाच्या लग्नातला गोंगाट मात्र माझ्या कानांना पाठ होता. आबांना हे आवडलं. “बैल देखाले आपला गाडा लई जावो तसं,” ते म्हणाले. मला त्यांनी दिलेली ही पहिलीच शाबासकी असेल. नंदुरबारला गाडी बदलली आणि नवापूरच्या एसटीत ते मला सगळ्या वाटेने पढवत राहिले. चांगलं म्हणायचं नाही. हात लावला की लगेच काढून घ्यायचा. चहा प्यायचा, पण दुसरा नाही. “जिभले गाठ मारी ठेव. तुन्ही जीभ बाजारमा ऱ्हास आनि तू तिन्हा मागे पळस.”

नवापूर जवळ आलं तशा रस्त्याच्या कडेला कोंबड्यांच्या लांबलचक शेड दिसू लागल्या. पूर्वी या पट्ट्यातून जाताना खिडकी लावून घ्यावी लागे, वास आणि कलकलाट दोन्ही आत यायचे. त्या वर्षी साथ येऊन गेली होती. जाळ्यांमागे काही हलत नव्हतं, आणि बाहेर चुन्याचे पांढरे पट्टे होते. कंडक्टर एकदा बाहेर बघून म्हणाला, “आता पाखरं ओरडायची नाहीत, तर गावालाच झोप येईना.” मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष खिशातल्या सीडीवर होतं, ती वाकू नये म्हणून.

भिकनभाऊंचं घर त्यांच्या शेडला लागूनच होतं. माणूस आडव्या बांध्याचा, बनियन घातलेला, दाढी वाढलेली. उजव्या हातात रिमोट होता. आम्हाला रामराम केला तोही डाव्या हाताने. त्यांची बायको, विमलवहिनी, पाणी घेऊन आली आणि आमच्याकडे असं बघून गेली, जसं दवाखान्यात डॉक्टरकडे बघतात. समोरच्या खोलीत फळीवर रिसीव्हर, काळा, रुंद, फडक्याने पुसलेला. चार कोपऱ्यांत आणि टीव्हीखाली मिळून त्यांचेही पाच स्पीकर होते. मला फक्त मधली पेटी हवी होती.

“भाऊ, मशीनमा काही खोट?” मी आबांनी पढवल्याप्रमाणे कोरड्या आवाजात विचारलं.

“खोट?” भिकनभाऊ म्हणाले. “अहो, खोटच शे सगळी. डावीकडना आवाज येत नही. तापस बी भलता. मधमाच बंद पडी जास. तुम्ही इतला लांबून उनात, माले सांगालेच लाज वाटी ऱ्हायनी. नका लिऊ.”

मी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. आयुष्यात मी पुष्कळ विकणारे पाहिले होते. मधवाल्याने मला फुलांची नावं सांगितली होती. पण मालाची निंदा करणारा विकणारा मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि माझा संशय शेपटीवर उभा राहिला. मला वाटलं, हा डाव फारच वरचा आहे. छोटे दोष सांगून मोठा लपवतोय.

मग मी परीक्षा सुरू केली. आवाजाची चकती फिरवून खरखर येते का ऐकलं. नाही. मागचे स्क्रू बघितले, कुणी पेटी उघडून आत हात घातला असेल तर त्यांच्या डोक्यांवर ओरखडे असतात. एकही ओरखडा नव्हता. चालू केल्यावर क्षणभर थांबून आत ‘टक्’ असा आवाज व्हायला हवा, तो झाला, अगदी स्वच्छ, सुपारी फोडल्यासारखा. नाक जाळीला लावून जळका वास येतो का ते पाहिलं. जळका नव्हता, पण वास होता. कोंडा, भुसा आणि पिसं यांचा. मी नाक मागे घेतलं. हे मशीन शेडमध्ये राहिलंय! कोंबड्यांना गाणी ऐकवली की जास्त अंडी देतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ‘घरात जपून वापरलेला’ म्हणे!

आबांनी मधूनच विचारलं, “मारस का?”

भिकनभाऊंना बैलाची भाषा कळत होती. “मारस ना! हात लावा की झटका देस.”

मी हाताची मागची बाजू पेटीला हळूच लावली. पेटी थंड, शांत आणि सज्जन होती. मला तर वाटलं, ती हात चाटेल.

“भाऊ, सीडी लावून बघतो,” मी म्हणालो आणि खालच्या प्लेअरचं बटण दाबलं. आत आधीच एक सीडी होती. मला ती काढायची होती, पण तिने माझ्याआधीच फिरायला सुरुवात केली. टीव्ही बंद होता. आणि पाचही बाजूंनी कोंबड्या आल्या.

हे कसं सांगावं? एखादी कोंबडी ओरडली असं ते नव्हतं. हजारो. समोर दाणे टिपणाऱ्या, पाठीमागे पंख फडफडवणाऱ्या, डाव्या कोपऱ्यात भांडणाऱ्या, आणि या सगळ्याच्या तळाशी ती एकसारखी, पाणी उकळल्यासारखी घुरघुर. मी चक्क पाय वर उचलला, खाली कोंबडी असेल म्हणून. डावा स्पीकर उत्तम चालत होता, त्यातली कोंबडी तर सगळ्यांत जोरात होती. भिकनभाऊंनी रिमोट उचलला आणि दाबला. एकदम शांत. स्वयंपाकघराच्या दारात विमलवहिनी उभ्या होत्या, हातात पिठाने भरलेली परात.

“टेस्टिंगनी सीडी शे,” भिकनभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले.

मी त्यांची सीडी काढून बाजूला ठेवली आणि दादाचं लग्न लावलं. आता मला खोट सापडायलाच हवी होती. बँड समोरून आला, पाठीमागून वऱ्हाडी, आणि एकदम उजव्या कानाशी कुणीतरी ओरडलं, “अरे वरनमा पानी नका टाका!” आबा भिंतीपासून सरळ झाले आणि मागे वळून बघू लागले. लग्नात आचाऱ्यावर ओरडणारा तो आवाज त्यांचाच होता. “मी कोठे शे?” ते म्हणाले. मला हसू आवरेना. मग दादाच्या नवरीचं सासरी निघतानाचं रडणं सुरू झालं, तेव्हा विमलवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. पाचही तोंडं चालू, पेटी थंड, कुठे फाटका सूर नाही. आता मी खरा घाबरलो. माझ्या हाती आजवर चांगली वस्तू आली नव्हती, आणि जी आली ती इतकी चांगली की नक्कीच काहीतरी भयंकर असणार. तारांवर संशय घेऊन मी पेटीच्या पाठीमागे शिरलो आणि लाल-पांढऱ्या पिना एकेक उपटून तपासू लागलो. धुळीने हात काळे झाले, तेव्हा मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो.

विमलवहिनी तांब्या घेऊन माझ्यामागे आल्या. हातावर पाणी ओतता ओतता हळू बोलल्या, “भाऊ, तुम्ही ती पेटी ली जा. काही खोट नही तिले. अंडासना गाडीवालाले मीच सांगेल व्हतं.”

“मग भाऊ असं का बोलतात?”

“त्यास्ले इकानी नही ना.” त्यांनी शेडकडे मान वळवली. “शेड सुरू कई तवय लगननी शूटिंगवालानी सीडी काढेल व्हती. कोंबड्या व्हत्यात तवय हेच बोंबलेत, डोकं फिरस या कलकलाटनी. आते साथमा सगळ्या गयात, खड्डामा घालनं पडन्यात. तवयपाशी रोज दिवेलागनले ती सीडी लावतस. टीव्ही बंद. डोळा मिटीसन बठतस. घरमा आम्ही दोन मानसं, आनि चारी भिंतीसमाईन मरेल कोंबड्या वरडतस. मी पोळी कशी लाटू भाऊ? त्यास्ना घास तोंडमा जात नही, मन्हा बी नही.”

हातावरचं पाणी कधीच संपलं होतं, तरी मी हात धूतच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला विकणाऱ्याच्या मालाविषयी सगळं खरं खरं कळलं होतं, आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. पेटी उचलली तर त्या माणसाच्या घरातून उरलेल्या कोंबड्याही मी नेणार. ठेवली तर ही बाई रोज संध्याकाळी त्या कलकलाटात पोळ्या लाटणार. आणि मी रिकाम्या हाताने घरी जाणार, दावं दुसऱ्याच्या खांद्यावर. हे शेवटचंही माझ्या मनात आलं. नाही आलं असं तुम्हाला वाटलं, तर तुम्ही मला ओळखत नाही.

आत आलो तेव्हा दोघं तसेच बसले होते. आबा भिकनभाऊंच्या तोंडाकडे बघत नव्हते, मशीनकडेही नाही. ते त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. रिमोटवरची सगळी अक्षरं शाबूत होती, एका बटणावरची तेवढी अंगठ्याने पुसून गेली होती.

“ती तुमनी सीडी,” आबा म्हणाले, “परत एक डाव लावाले सांगा या पोऱ्याले.”

भिकनभाऊ दचकले. मीही. पण आबांनी सांगितलं म्हणून मी सीडी घातली, पेटीच्या मागे वाकलो आणि उपटलेल्या पिना पुन्हा खोचू लागलो. मागे अंधार होता, आणि मी मी होतो. लाल-पांढऱ्या पिना मी रिसीव्हरमध्ये न खोचता शेजारच्या टीव्हीच्या पाठीत खोचल्या, आणि धडपडीत टीव्हीचं बटणही दाबलं गेलं. इतकी तपासणी करणारा, मध-घड्याळ-टेप या सगळ्यांतून शहाणा झालेला मी, पाचपैकी एकाही तोंडातून आवाज येईना म्हणून चांगला धापा टाकत होतो, आणि तेवढ्यात टीव्हीच्या पोटातून, त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून, बारीक आवाज आला.

कोंबड्याच होत्या, पण त्या आता खोलीत नव्हत्या. शेजारच्या अंगणात होत्या, चार-पाच असतील. बाकीच्या हजारो त्या छोट्या तोंडातून बाहेर यायलाच तयार नव्हत्या. एक कुर्रकुर्र करत होती, एक लांबून ओरडत होती, मधेच कुणीतरी पंख झटकले. बस्स.

मी “चुकलं, चुकलं” म्हणत पिना काढायला लागलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, “भाऊ, ऱ्हावू द्या.” विमलवहिनी दारात आल्या. लाटणं हातातच होतं. “इतल्या चालतीन.”

भिकनभाऊ मान कलती करून ऐकत राहिले, बराच वेळ. मग त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना लहानपणीच्या गल्लीतलं कुणीतरी दिसलं असावं. “मन्ही मायना आंगनमा,” ते हळूच म्हणाले, “इतल्याच व्हत्यात.” आणि थोड्या वेळाने, कुणाकडेही न बघता, “मशीनमा काही खोट नही. माले झटका कधीच बसना नही. ली जा.”

पुढचं आबांनी बैलबाजारातल्यासारखं केलं. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली बोटांनी जे बोलायचं ते बोलले. आतलं मला दिसत नव्हतं, पण रुमाल फार थोडा वेळ हलला, आणि आबा घासाघीस न करता रुमाल उचलतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी तारा गुंडाळल्या, पेटी गोधडीत बांधली. मग भिकनभाऊंनी रिमोट पुढे केला. हात पुढे आला, पण बोटं उघडेनात. मी माझा हात लांब केला, तेवढ्यात आबांनी तो खाली दाबला.

“दावं ऱ्हावू द्या तुमनाकडेच,” आबा म्हणाले. “आमनं घरनं शे.”

“आबा,” मी त्यांच्या कानाशी घाईघाईने पुटपुटलो, “ते दावं नाही, रिमोट आहे! त्याच्याशिवाय मशीनचं—”

“दावं इकनारानं ऱ्हास,” आबा मोठ्याने म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. विमलवहिनींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गरम फुनके आणि कढी. दुसरा चहासुद्धा आबा प्यायले. जेवताना टीव्हीतून त्या चार-पाच कोंबड्या चालू होत्या, आणि आमच्यातल्या कुणीही एक घास ठेवला नाही.

गाडीत पेटी मांडीवर घेऊन मी घरापर्यंत आलो. ओसरीतल्या पाच मुक्या स्पीकरांमधून मांजर आणि परात काढल्या, तारा जोडल्या, आणि गावातल्या अर्ध्या लोकांसमोर बटण दाबलं. टक्. पेटी उत्तम वाजली. फक्त पाची तोंडांतून एकच, सारखाच आवाज. कोंबड्या जिकडच्या तिकडे याव्यात म्हणून भिकनभाऊंनी लावून ठेवलेली मांडणी वीज काढल्यावर पुसली गेली होती, आणि ती परत लावायची किल्ली फक्त रिमोटमध्ये. त्यामुळे आमच्याकडे बातम्या सांगणारी बाई पाठीमागूनही बातम्या सांगायची. माय सुरुवातीला मागे वळून “बठ ना बाई” म्हणायची. दादा रविवारी आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “रिमोट कुठे आहे?” मी आबांकडे पाहिलं. आबा पायताणाचा पट्टा आवळत होते, त्याच स्पीकरवर पाय ठेवून. मी म्हणालो, “राहिला.” त्यावर जे हसणं झालं ते रिसीव्हरशिवायच पाच बाजूंनी आलं. आणि दावं-बिवं हा विषय कुणी काढला नाही.

थंडी पडली, यात्रा तोंडावर आली, तशी मायने मला हाकललं. जा आणि तुझी ती रिमोटची काठी घेऊन ये, म्हणाली. मी नवापूरला गेलो. भिकनभाऊंच्या अंगणात शिरलो तर कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि मी मनात म्हटलं, अजून सीडी चालूच आहे वाटतं. मग एक तांबडी कोंबडी माझ्या पायाजवळून गेली. खऱ्या होत्या, पाच-सहा. त्यांच्या जुन्या स्पीकरांपैकी एक अंगणात आणून त्याची जाळी काढली होती आणि आत गवतावर एक कोंबडी खुडूक बसली होती. भिकनभाऊ बाजेवर होते. मला बघून हसले, दाढी केलेली होती. दोन कोंबड्यांचं कशावरून तरी जोरात भांडण जुंपलं, तेव्हा त्यांनी उशाखालून रिमोट काढला, कोंबड्यांवर रोखला आणि ते पुसलेलं बटण दाबलं.

“देखा,” मला म्हणाले, “ऐकीच नही ऱ्हायन्यात.”

घरातून विमलवहिनींचं हसणं ऐकू आलं. “दिनमा दहादाव तेच करतस भाऊ!” आणि मग दारात येऊन, “कशासाठी उना व्हतात?”

मी म्हणालो, “अंडी न्यायला.”

घरी पिशवीतून अंडी निघाली तेव्हा मायने पिशवी उलटी करून झटकली. “आनि रिमोट?”

“हरवला म्हणे त्यांच्याकडून,” मी म्हणालो. माय कपाळावर हात मारून हसायला लागली. “गया नवापूरले, आनात अंडा! गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच!” मीही हसलो. आबा बाजेवर होते. त्यांचा तंबाखूवरचा अंगठा थांबला आणि ते माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत राहिले, मी कानामागे खाजवत होतो त्या हाताकडे.

आता माझेच गुडघे बोलायला लागलेत. आबांना रिमोट म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं होतं की नाही, याचा मला अजूनही संशय आहे. मी दोनदा विचारलं, दोन्हीदा त्यांनी बैलाचं काहीतरी सांगितलं. पेटी अजून आहे. आवाज कमी-जास्त करायचा तर आमच्या घरात अजून उठून जावं लागतं, आणि सुना कुरकुरतात. कुणाच्या तरी ओळखीने नवा रिमोट मागवता येईल, असं मला सगळे सांगतात. येत असेल.

अंडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सारंगखेड्याला निघायचं होतं. मी ओसरीत उभा होतो, जो यात्रेला जाईल त्याला एसटीपर्यंत सोडायला जावं लागेल म्हणून. आबा गोठ्यातून आले. गुडघे धरत, एकेक पायरी. हातात नवं दावं होतं, अंबाडीचं, अजून गाठ न पडलेलं. त्यांनी ते माझ्या खांद्यावर टाकलं. मानेला बोचत होतं.

“बैलकडे देखू नको,” ते म्हणाले, आणि परत जाऊन बाजेवर पडले.